नळीची दोन टोकं

"साहेब, तुमचं टोक टबाच्या काठाला टेकवून धरा. काकू, तुम्ही समोरच्या कोपऱ्याला. आणि दोघंही हलू नका हां."

मोरिवलीच्या कैलास मिस्त्रीने आम्हाला नवरा-बायकोलाच कामाला जुंपलं. त्याची दोन माणसं जॅक आणि पहार घेऊन फरशीवर पालथी पडली होती. मग पाणी भरलेली पारदर्शक नळी धरणार कोण? नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, त्यावरून टब कुठे कलला ते कळतं. पण माझं लक्ष पाण्याकडे नव्हतंच मुळी. मी आमच्या ह्यांच्याकडे, गुरुदत्तांकडे, बघत होते.

जन्मभर एका बादलीत अंघोळ उरकलेला माणूस! गिझर जरा जास्त चालला तर घर डोक्यावर घ्यायचा. त्याला रिटायर झाल्यावर गरम पाण्याचा टब कशाला हो? तोही मागच्या अंगणात, माझ्या कपडे वाळत घालायच्या जागेवर. तिथे फरशीला उतार आहे हे कुणी बघितलंच नाही. टब भरला तसं पाणी सगळं एका अंगाला गेलं, मोटर हवा ओढून घरघरायला लागली. शेवटी टब रिकामा केला आणि कैलासला बोलावलं.

"पाठीला शेक मिळतो," हे म्हणाले होते. मी काय काल जन्मले? शेजारची अनुया म्हणालीच होती, घर विकायचं असलं की लोक आधी ते सजवतात. आमच्या पुढच्या दाराला नुकताच रंग झालाय. गेटपाशी जाऊन फोनवर कुजबुज चालते, मी गेले की "बरं, नंतर बोलू." आणि त्या कॅम्प दोनच्या फेऱ्या! उल्हासनगरच्या त्या बाजारातून कोणी रिकाम्या हाताने परत येतं का? हे येतात. तिथे नक्कीच कुणी एजंट गाठला असणार. वरद कधीचा पुण्याला या म्हणून मागे लागलाय. बापलेकांनी सगळं ठरवायचं आणि मला सांगायचं सही करायच्या वेळी! या घराचा पाया भरताना मी उन्हात उभी होते. मी नाही हलायची इथून.

"उचल रे! हळू!" कैलास ओरडला. टबाची एक बाजू वर आली, खाली लाकडाचे तुकडे सरकले.

"अहो," मी टबापलीकडे बघून म्हटलं, "घर विकताय ना?"

"काय?"

"मला वेड्यात काढू नका. कॅम्प दोनला कोणाकडे जाता?"

"मीनल, माणसं आहेत इथे."

"असू देत! त्यांनाही कळू दे."

"साहेब, तुमच्याकडचं पाणी नाचतंय," कैलास म्हणाला. "घट्ट धरा ना."

"घट्टच धरलंय."

बघा, म्हटलं, चोरी पकडली तर कसा हात कापतोय! खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. "बोला की आता!"

ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. तरी नळीतलं पाणी खालीवर होतच राहिलं.

"डॉक्टरकडे जातो," हे हळूच म्हणाले. "इथे दाखवलं असतं तर सगळ्या कॉलनीला कळलं असतं."

"आणि फोन?"

"वरदचा. तुला सांगू नको म्हटलं होतं त्याला."

"काय म्हणतात डॉक्टर?"

"हात आता असाच राहणार. वाढतही जाईल. गरम पाण्यात बसलं की अंग जरा सैल पडतं, एवढंच."

अस्सा राग आला मला! त्यापेक्षा घर विकायला निघाले असते तर परवडलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

"कैलास, हे माझं टोक त्या खांबाला बांध."

"काकू, थोडंच राहिलंय, पाच मिनटं धरा ना..."

"बांध म्हटलं ना!"

टबाला वळसा घालून मी पलीकडे गेले. हे हात मागे घ्यायला लागले. "द्या इकडे," म्हटलं, आणि त्यांच्या मुठीवर माझे दोन्ही हात आवळून नळी काठाला दाबून धरली.

कैलास गुडघ्यावर बसून बराच वेळ नळीकडे बघत राहिला. "साहेब, अजून नाचतंय पाणी."

"आता मी नाही रे हलवत," हे म्हणाले. "ही रडतेय."