मिसेस लिनची वही

“तुम्ही मला कामावर ठेवाल का?”

इरावतीने एका दमात विचारून टाकलं. प्लास्टिकच्या फुलांच्या मांडणीमागे तिच्या मैत्रिणी मेहरीन आणि सुरैया तोंडावर हात दाबून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती: बहरीनच्या जनाबियातल्या या चिनी दुकानाच्या मालकिणीकडे नोकरी मागून दाखव! गेल्या वर्षी वर्गात हजेरी देतानाही इरावतीचा आवाज फुटत नसे. आता तो दुकानभर घुमला.

मिसेस लिनने चष्म्यावरून तिला न्याहाळलं.

“नोकरी मफी, नाही,” ती मोडक्यातोडक्या अरबी-हिंदीत म्हणाली आणि गल्ल्याखालून एक वही काढली. “इंग्लिश येतं? मग बस.”

वहीत गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेले इंग्रजी शब्द होते. प्रत्येक शब्दाशेजारी, तो बोलणाऱ्याचं पेन्सिलीने काढलेलं चित्र. पेनी. निकल. डाइम.

“ही नाणी बहरीनमध्ये नाहीत. मग लोक बोलतात कशाला?”

इरावतीने दप्तर खाली टाकलं आणि खिशातली बहरीनची नाणी, फिल्स, काउंटरवर मांडून समजावलं. पेनी इंग्लंडची, सगळ्यांत कमी किमतीची. निकल आणि डाइम अमेरिकेतले. नाणी राहिली तिकडेच, बोलणी मात्र जगभर फिरतात. ‘अ पेनी फॉर युवर थॉट्स’ म्हणजे, गप्प का, मनात काय चाललंय ते सांग ना.

त्या ओळीशेजारी एका टकल्या आजोबांचं चित्र होतं.

“हे रोज विचारतात,” मिसेस लिन कपाळाला हात लावत म्हणाली. “मी रोज सांगते, नो डिस्काउंट!”

मांडणीमागे दोघी फुटल्याच. इरावतीने हसतच पान उलटलं.

‘पेनी-पिंचर’. शेजारी आखूड केस, मोठी टिकली, खांद्याला पैठणीच्या काठाची पिशवी. ती पिशवी मावशीने पुण्याहून शिवून पाठवली होती. गणपतीच्या आराशीसाठी दिव्यांच्या माळा घेताना आई मिसेस लिनला हा शब्द गोड हसत बोलली होती. मिसेस लिननेही हसून मान डोलावली होती.

“ही बाई छान हसली. चांगला शब्द?”

‘जपून खर्च करणारी’ असं म्हणून सुटता आलं असतं. इरावतीने दहा फिल्सचं नाणं उचललं आणि चिमटीत नखं पांढरी होईपर्यंत दाबून धरलं.

“अशी. काही केल्या न सोडणारी. चांगला शब्द नाहीये.” तिने नाणं खाली ठेवलं. “आणि ती माझी आई आहे.”

मिसेस लिनची पेन्सिल थांबली.

“शंभर फिल्ससाठी तिने अर्धा तास घातला,” ती सावकाश म्हणाली. “मीपण घातला. मग पेनी-पिंचर कोण?”

“दोघीही! बाबा तर घरी तिला कवडीचुंबकच म्हणतात.”

मिसेस लिनने वही तिच्याकडे फिरवली.

“आईचं नाक जमलंय?”

संध्याकाळी घरी आई, हेमा, पोळ्या लाटत होती आणि बाबा, शिरीष, कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होता. इरावती ओट्याला टेकून उभी राहिली.

“आईबाबा, दर शनिवारी मी इंग्लिश शिकवायला जाणार. ती मला चिनी शिकवणार.”

“ती कोण?” शिरीषने विचारलं.

“मिसेस लिन. आपल्या माळांचं दुकान.”

हेमाचं लाटणं थबकलं.

“तिला कुठे इंग्लिश कळतं?”

“आता कळतं,” इरावती म्हणाली. “आणि पहिल्या शनिवारी तूही माझ्याबरोबर येणार आहेस, आई. ठरलंय माझं. पिशवी तीच घे.”