सिंकखालची चक्की पुन्हा फिरली

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. अशी कल्पना करा, की तुम्ही स्वयंपाकघरातल्या सिंकखाली, अंधाऱ्या कपाटात टांगलेले आहात. डोक्यावरून उष्टे, साली आणि पाणी धो धो येते आहे, आणि ते सारे बारीक दळून तुम्हाला पाइपात लोटायचे आहे. जमेल?

मी एक जुनी चक्की आहे. सौदी अरेबियात, जुबैलमध्ये कंपनीच्या वसाहतीत घरोघरी सिंकखाली माझ्यासारखी एकेक बसवलेली होती. माझ्या घरात रत्नागिरीकडचे मुस्तफा, त्यांची पत्नी शरीफा आणि अकरा वर्षांची इफरा राहत. माझे खरे नाव लांबलचक, इंग्रजी. शरीफा मला चक्की म्हणू लागली. माझ्या पोटात धारदार पाती नाहीत बरं का! एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरचे बोथट दात उष्टे खरबरीत भिंतीवर घासतात. पाहुणे आले की शरीफा मला मुद्दाम चालवून दाखवायची.

मग १९९१ चा जानेवारी आला आणि आखाती युद्ध सुरू झाले. शाळा बंद झाल्या, खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. मुस्तफा जास्तीच्या पाळ्या करू लागले. कामगारांच्या कॅम्पमधला आचारी गावी निघून गेला, तेव्हा तिथल्या बारा जणांचे दुपारचे जेवण शरीफाने अंगावर घेतले.

एका सकाळी ती सिंकच्या कडेवर नारळ फोडत होती. पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली वाटी धरली होती. तेवढ्यात हल्ल्याचा भोंगा वाजला. नारळ तिथेच टाकून मायलेकी आतल्या खोलीत पळाल्या, आणि करवंटीचा एक टवका माझ्या पोटात पडला. तो कोणीच पाहिला नाही. धोका टळल्यावर शरीफाने साली ढकलून माझा स्विच दाबला. मी नुसतीच गुरगुरले. तिने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मी तापले आणि गप्प झाले. सिंक काठोकाठ तुंबले.

जेवणाचे डबे न्यायला कॅम्पमधले फिटर केरूमामा आले. त्यांनीही स्विच दाबून पाहिला.

"वहिनी, मोटार जळली. खलास! ही काढून टाकतो आणि सरळ पाइप जोडतो."

"जोडा केरूभाऊ. एक वाजता बारा माणसं पानावर बसतील, आणि मला तांदूळ धुवायला जागा नाही."

मित्रांनो, मी जळले नव्हते! फार तापले की मी आपोआप बंद पडते, एवढेच. पण सांगणार कशी? मी भंगारात निघाले होते.

"थांबा ना मामा," इफराने कपाटात डोके घातले. "हिच्यावर इंग्लिशमध्ये काहीतरी लिहिलंय. खाली रेड बटण आहे म्हणे."

"पोरी, वीस वर्षं मोटारी खोलतोय मी. स्टिकर वाचून मोटार चालते व्हय?"

"तुम्ही वाचलंय का ते?"

केरूमामा कान खाजवू लागले. शरीफाने ओढणीआड हसू लपवले.

"बरं, दहा मिनिटं. मग मी पाना लावणार!"

इफरा वाचत गेली, मामा करत गेले. आधी भिंतीवरचा मेन स्विच बंद. मग तांब्याने पाणी उपसले. इफरा आत हात घालणार, तोच मामा ओरडले, "हात नाय! बंद असली तरी हात नाय घालायचा!" माझ्या तळाशी मधोमध एक भोक आहे. त्यात मामांनी ॲलन की, म्हणजे वाकडी षटकोनी किल्ली, बसवली आणि मागेपुढे, मागेपुढे हलवली. कट्ट! तबकडी सुटली. बॅटरीच्या उजेडात शरीफाने सांडशीने टवका बाहेर काढला.

"अगं बाई! माझाच नारळ!"

इफराने लाल बटण दाबले. टक्. मेन चालू केला, नळ सोडला, स्विच दाबला, आणि मी अशी गर्जले की ओट्यावरचे डबे थरथरले! पाणी भोवरा करून माझ्यातून धावले.

"जित्ती झाली की गं!" केरूमामांनी टाळी वाजवली.

एक वाजता बारा जण कालवण-भात जेवले.

मित्रांनो, एखादे यंत्र गप्प झाले, तर ते मेले असे लगेच ठरवू नका. आधी वीज तोडा, त्याच्यावर लिहिलेले वाचा, आत काय अडकले ते मोठ्यांना घेऊन पाहा. आणि करवंट्या आमच्या पोटात टाकू नका.

इफराने मात्र एवढ्यावर थांबायचे ठरवले नव्हते. शेजारच्या ताजुन्निसाखालांची चक्की महिनाभर मुकी होती. इफराने मामांची ॲलन की उचलली आणि दारात जाऊन वळून म्हणाली,

"यल्ला, चला केरूमामा! बॅटरी तुम्ही धरा."