खारजाई किनाऱ्याला उतरली

मजा करायला किती वैताग लागतो हे ज्याला बघायचं असेल, त्यानं चैत्रातल्या एखाद्या शनिवारी आमच्या गावाला यावं. यावं म्हणजे, येता आलं तर. रेवदंड्याच्या पुलापासून गाड्यांची जी रांग लागते ती थेट मुरुडपर्यंत. गेल्या साली त्या रांगेत एक नवं जोडपं हनिमूनला निघालेलं अडकलं, आणि काशीद येईपर्यंत गाडीतच त्यांच्या पोराचं बारसं झालं. लोक हसतात. हसोत. त्या बारशाच्या घुगऱ्या मी स्वतः खाल्ल्यात, जरा कच्च्या होत्या.

मी दिनानाथ. जन्म इथला, पण उमेदीची सगळी वर्षं न्हावा शेवाच्या बंदरात ट्रेलर चालवला. एकदा तिथल्या क्रेननं कंटेनरच्या डब्याच्या जागी मलाच ट्रेलरसकट उचलून बोटीवर ठेवलं होतं. मी कप्तानाबरोबर चहा घेतला, त्याला दुबईचा जवळचा रस्ता सांगितला आणि उतरून आलो. गावात हे कोणी खरं मानत नाही. माझ्या बोलण्यावर गावाचा काडीचा विश्वास नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या शनिवारी सगळं घोडं तिथेच अडलं.

माझी बायको येसूबाई धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण उशिरा आलेली चालत नाही. ती धवला गाते, आणि गाण्यातून एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते. गावातला, खाडीवरचा, डोंगरावरचा, एकही देव सुटता कामा नये. सुटला तर रुसतो. धवला दोघींनी म्हणायचा असतो, एकीनं ओळ उचलायची आणि दुसरीनं तिचं शेपूट धरायचं. येसूची जोडीदारीण सोनूबाई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून येसूच्या ओळी बिनशेपटाच्या झाल्या होत्या. मग आमची नात प्राप्ती पनवेलच्या कॉलेजातून दर रविवारी यायला लागली आणि आजीसमोर मांडी घालून शिकायला बसली. शिकायची पद्धत एकच, आजीच्या ओठांकडे बघत राहायचं.

आता यात विपुल घुसला. विपुल माझा पुतण्या, किनाऱ्यावर पर्यटकांना खोल्या देतो. त्यानं आणि त्याच्यासारख्या चार जणांनी मिळून सुरूच्या झाडांखाली 'सागर महोत्सव' सुरू केला. मुंबईचा गायक, दिवे, मांदेली फ्रायचे स्टॉल. मोठ्या गायकाच्या आधी थोडा वेळ 'स्थानिक कला', आणि त्यात प्राप्तीचा धवला. पोरगी खूश, पण तिनं आजीला बजावलं होतं.

"आजी, तू समोर नसलीस तर मी तोंड उघडणार नाही. मला शब्द येतात, पण ते तुझ्या ओठांवरून येतात."

येसू कधी नव्हे ती लाजली. इरकली लुगडं काढून उन्हात टाकलं. आणि मग कळलं की विपुलनं महोत्सवाला नेमका तो शनिवार धरलाय ज्या शनिवारी खारजाईची पालखी फिरते. का, तर त्या दिवशी गर्दी आयतीच असते.

खारजाई आमची गावदेवी. खाडीचं खारं पाणी अडवणारा जो बांध, त्या खारबंदिस्तीवर तिचं देऊळ, आणि जत्रेच्या दिवशी ती घरोघर जाते. दार उघडं पाहिजे आणि घरच्या बाईनं ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभं राहिलं पाहिजे. नसेल तर देवी दारावरून तशीच पुढे जाते, आणि मग त्या घरच्या बाईनं वर्षभर कुणाच्या मांडवात उभं राहायचं नाही. इतर बायकांचं एखादं लग्न बुडेल, पण धवलारणीचं काय? वर्षभर तिनं घरात बसून भिंतीला धवला ऐकवायचा? विपुल म्हणाला, त्यात काय, सूनबाई भरेल ओटी. येसूनं त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला.

"ताट सासूच्या हातनं सुनेच्या हातात जातंय ते सासू गेल्यावर. मी मेलंय का रं?"

झालं. नात आजी आल्याशिवाय गाणार नाही, आजी पालखी आल्याशिवाय हलणार नाही, आणि पालखी... तिचं तर विचारूच नका.

पूर्वी पालखी दुपारी निघायची आणि दिवेलागणीला देवळात परत. आता प्रत्येक घरी मुंबई, पनवेल, उरणचे पाव्हणे. प्रत्येकाच्या हातात फोन. पालखी कमी नाचते, फोन जास्त नाचतात. एका घरी पालखी नाचवून झाली तर जावईबापू म्हणाले, परत एकदा, मघाशी माझा अंगठा आला मध्ये. पालखीच्या भोयांपैकी कमलेश, त्याच्या दारात तर त्याचं ते उडतं यंत्र वर सोडलं होतं चित्रीकरणाला, ते गेलं नारळाच्या झावळ्यांत अडकून. माडावर चढायला माणूस मिळेपर्यंत देवी अंगणात तिष्ठत. माणूस चढला, यंत्र सोडवलं, वर आलोच आहे तर म्हणून शहाळी पाडली. मग सगळे शहाळी पीत बसले. मी उंबऱ्यातून ओरडून दमलो.

आमचं घर पालखीच्या वाटेवर शेवटून दुसरं. किनारा मात्र आमच्या नारळाच्या वाडीच्या पलीकडेच, इतका जवळ की माइकवरचा खाकरा माझ्या न्हाणीत ऐकू येतो. दुपारपासून तिकडून 'हॅलो, हॅलो, चेक' चाललं होतं. येसू नेसून, ताट घेऊन, एक कान आळीकडे आणि एक कान किनाऱ्याकडे लावून उभी. बसायला तयार नाही. लुगड्याची घडी मोडते म्हणे.

मी शेवटी पालखीच्या मानकऱ्याला गाठलं. दादू हा मानकरी, त्याच्या शब्दाशिवाय पालखीचं पाऊल पडत नाही. मी त्याला सांगितलं की काल पहाटे देवी माझ्या स्वप्नात आली आणि म्हणाली, या वर्षी तुझ्याकडे आधी येते. दादूनं शांतपणे तंबाखू मळली.

"काका, गेल्या जत्रेला तुमच्या सपनात देवमासा आला होता. त्यानं पण जेवायला आधी बसवा म्हणून सांगितलं होतं."

मग मी म्हटलं, भरती चढतेय, बांध फुटणार, लवकर आटपा. भोई हसले. मग मी खरं काय ते सांगितलं, की पोरगी स्टेजवर मुकी उभी राहील रे, तिची आजी इथं अडकलीय. तर ते आणखी मोठ्यानं हसले. खरं सांगून बघायचा प्रयोग मी आयुष्यात फार वेळा केलेला नाही, आणि त्याचं फळ हे असं.

आता एकच वाट उरली होती. पालखीला खांदा द्यायचा हक्क गावातल्या प्रत्येक घरच्या थोरल्याला आहे. मी डोक्याला रुमाल बांधला आणि पुढच्या दांडीला उजव्या बाजूनं जाऊन लागलो. दादू म्हणाला, या वयात कशाला, कंबर धरेल. मी ऐकलं नाही. माझ्या पलीकडे कमलेश होता, मागे दोन तरणे गडी. त्यांची नावं सांगत नाही, त्यांच्या बायका तक्रार करतील.

आळीच्या तोंडाशी तिठा आहे. डावीकडे आळी, उरलेली दोन घरं, त्यातलं पहिलं माझं. उजवीकडे वाडीतून किनाऱ्याला उतार. आम्ही तिठ्यावर आलो आणि किनाऱ्यावरून विपुलचा आवाज आला. यानंतर कुमारी प्राप्ती आपल्यासमोर पारंपरिक धवला सादर करतील. टाळ्या झाल्या. मग काही नाही. माइकवर नुसता वारा. पुन्हा विपुल, जरा ओढून आणलेल्या हसण्यात, प्राप्ती, सुरू करा. पुन्हा वारा. माझ्या नातीचं गप्प राहणं आख्ख्या गावाला ऐकू येत होतं, आणि दादू म्हणत होता, चला, डावीकडे वळा, सावकाश, इथे नाचवायची आहे.

आता तुम्हाला ठाऊक असेल नसेल, पालखीतली देवी कधी कधी ओढ घेते. भोई एकीकडे चालतात आणि ती भलतीकडेच जाते. अशा वेळी तिला अडवायचं नाही, मानकऱ्यानंही नाही. ती बसेल तिथे बसू द्यायची, मग पुढचं. माझ्या बापाच्या काळात ती एकदा ओढ घेऊन खाडीत कमरेइतक्या पाण्यात गेली होती. त्याच जागी पुढे मासळीचा असा थवा लागला की होड्या बुडाल्या आणि मासे वर राहिले.

मी मनात काय योजलं होतं ते माझ्यापाशी. पण मी उजवा पाय उचलायच्या आत पालखी उजवीकडे निघाली होती. आईच्यान. कमलेशनं मान फिरवली नाही, मागच्या दोघांनीही नाही. एवढंच लक्षात घ्या, की तिघांच्याही बायका मुंबईच्या गायकासाठी किनाऱ्यावर खुर्च्या धरून बसलेल्या होत्या आणि तिघांच्याही खिशातले फोन दुपारपासून थरथरत होते. चार माणसं एकाच वेळी एकच पाप करतील तर त्याला देवीची इच्छाच म्हणायला पाहिजे.

दादू मागून धावला. "ओढ घेतली, ओढ घेतली, बाजूला व्हा." ढोलवाल्यांनी ठेका वाढवला. आम्ही वाडीतून सुटलो ते गडग्याच्या दगडी कुंपणावरून उडी मारून पलीकडे. डांबरी रस्त्यावर गाड्यांची ती रांग होती, देवी समोर येताच ती दोन्हीकडे फाकली. सकाळपासून इंचभर न हललेल्या गाड्या. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा उंट होता, त्यानं पालखी बघून गुडघे टेकले. विपुल म्हणतो तो आधीपासूनच बसलेला होता. विपुलला उंटांतलं काय कळतं?

आणि आमच्या मागे येसू. देवी दारात न येताच चालली हे तिनं उंबऱ्यातून बघितलं आणि ताट घेऊन धावत सुटली. दार सताड उघडं, चूल पेटलेली, लुगड्याच्या घडीचं काय झालं ते विचारू नका. ताटातला नारळ गडगड हलत होता, पण पडला नाही.

स्टेजच्या समोर वाळूत येऊन पालखी बसली. बसली म्हणजे आमचे गुडघे गेले. वर प्राप्ती माइकपाशी खांबासारखी उभी, तोंड पांढरं, आणि बाजूला विपुल हातवारे करतोय. तिला आधी पालखी दिसली, मग ताट, मग आजी. येसूनं घाई केली नाही. देवी जिथे बसली तिथे तिनं रीतसर ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं, पदर लावून नमस्कार केला. दादूनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, देवी बसली, ओटी भरली, म्हणजे ते घर झालं. येसू उठली, स्टेजकडे वळली, वर बघितलं आणि ओठ हलवले.

प्राप्तीनं ओळ उचलली.

पोरीचा आवाज कसा आहे ते मी सांगणार नाही. मी सांगितलेलं कुणी खरं धरत नाही. मुंबईची माणसं खाता खाता थांबली एवढं मात्र झालं.

विपुलनं स्थानिक कलेला दिलेला वेळ किती, आणि आमच्या किनाऱ्यावर देव किती. गणपती झाला, कुळदैवत झालं, खाडीवरचे एकदोन झाले, आणि विपुल पडद्याआडून बोट फिरवायला लागला, गुंडाळ म्हणून. पोर बिचारी घाबरली आणि मधले सगळे देव टाकून थेट शेवटच्या कडव्यावर गेली. तेव्हा खालून येसू बोलली, माइक नसताना सगळ्यांना ऐकू गेलं.

"खारजाई समोर बसलीय नं, पोरी. तिला न बोलावता संपवतेस?"

आणि तिनं स्वतः ओळ उचलली. प्राप्तीनं शेपूट धरलं. त्यानंतर थांबणं नव्हतं. रेवदंड्यापासून मुरुडपर्यंतचा एकेक देव नाव घेऊन वाळूत उतरवला त्या दोघींनी. बांधावरचा, विहिरीतला, पिंपळावरचा, ज्यांना त्यांचे पुजारीही विसरलेत ते सुद्धा. मुंबईचा गायक गिटारवाल्यासकट कडेला उभा राहिला, मग बसला, मग कुणीतरी त्याला मांदेलीची ताटली दिली. विपुल कासावीस होऊन दादूकडे आला, जरा आवरायला सांगा म्हणाला.

दादू म्हणाला, "देव यायला निघालेत. त्यांना मधनं परत पाठवता येत न्हाय."

आता सगळ्यांचा राग माझ्यावर. आमच्या पुढचं घर म्हणतं, आमच्याकडे पालखी रविवारी आली, आमचे पाव्हणे परत गेले होते, आमचं चित्रीकरण राहिलं. गायक म्हणतो, माझी निम्मी गाणी राहिली. आणि सगळ्यांवर कडी विपुलची. त्यानं पुढच्या वर्षीच्या फलकावर आत्ताच छापायला दिलंय, 'देवी ओढ घेऊन किनाऱ्यावर येणार, ठीक सायंकाळी', आणि पुढच्या दांडीला काकाच पाहिजेत म्हणून मागे लागलाय. ओढ घ्यायला तिला वेळ ठरवून द्यायची असते का?

रविवारी सकाळी माझा हात खांद्याच्या वर जाईना. येसूनं तेलात लसूण टाकून वाटी गरम करून आणली, माझ्या मागे बसली आणि कुठे दुखतं हे न विचारता थेट उजव्या खांद्यावर, दांडीचा वळ उठला होता तिथेच, अंगठा रोवला.

"खरं सांगा. वढली कोणी?"

मी म्हटलं, देवीनं. तिनं असा दाब दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवीला मी लग्न होऊन आल्यापासनं बघतंय. ती येवढ्या घाईत कदी नसती."

 मग तिचा हात हलका झाला. बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात प्राप्ती चहा घेऊन ओटीवर आली, आणि येसूला आठवलं की काल पोरीनं बांधावरच्या देवाची ओळ मध्येच खाल्ली होती. बस समोर, म्हणाली. तेलाची वाटी माझ्या हातात दिली, तिच्याकडे तोंड करून बसली, आणि माझा अर्धा खांदा कोरडा ठेवून दोघींनी सगळ्या देवांना पुन्हा पहिल्यापासून बोलवायला घेतलं.