पिराजी कुणाच्या घरचा

"नाव पायजे, हुसेनभाई. बिननावाचा माणूस दिल्लीला दिसत न्हाय," खासदार म्हणाले.

हुसेनची बोटं टाइपरायटरवर थांबली. कोल्हापूरच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून तो लोकांचे अर्ज टाइप करायचा, आणि गेली चार वर्षं खासदारांचे संसदेतले प्रश्नही. दर अधिवेशनात यांचा एकच हट्ट, वेठबिगारीविरुद्ध कडक कायदा करा. दर वेळी उत्तरही एकच, जिल्ह्यात असा प्रकार आढळत नाही. आढळेल कसा? बघायला जातो कोण? पण गडी मागं हटणारा नव्हता.

"पिराजी घाला," हुसेन बोलून गेला. "माझ्या आजोळचा, नेसरीकडचा. बापानं घेतलेल्या उचलीपायी पंधरा वर्सं मालकाच्या गोठ्यात राबतोय. सणालाबी बायकोकडं सोडत न्हाईत."

नाव टाइप झालं. आपण फार मोठं काम केलं, असं हुसेनला त्या दिवशी वाटलं.

संसदेत प्रश्न गेल्यावर नेसरीकडं चौकशीचा साहेब गेला, तो थेट मालकाच्याच घरी सोप्यात जाऊन बसला. चहा आणून दिला पिराजीनंच.

"तुला कुणी डांबून ठेवलंय का रं?" साहेबानं विचारलं.

मालक समोरच पान लावत बसलेला. पिराजी बोलणार काय, कपाळ!

"न्हाय जी. मी घरातलाच हाय."

मालकानं लगेच रेशनकार्ड पुढं केलं. जादा साखर मिळावी म्हणून त्यानं पिराजीचं नाव आपल्या कुटुंबात कधीच घालून ठेवलं होतं. संसदेत उत्तर आलं, सदर इसम मालकाच्या कुटुंबातील आहे. ते वाचून हुसेनला दोन दिवस घास गिळवला नाही.

खासदारांनी मात्र पिच्छा सोडला नाही. टाइप करून करून हुसेनची रिबन झिजली आणि शहात्तर साली एकदाचा कायदा झाला. कोर्टाबाहेर पेढे वाटले गेले.

महिनाभरानं पिराजीची बायको धोंडुबाई एसटीनं कोल्हापूरला आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"कचेरीत सुटकेची यादी वाचून दावली, भाऊ. बारा गडी सुटलं. ह्यांचं नाव न्हाय त्यात."

"का म्हणून? इचारलं न्हाईसा?"

"इचारलं की. म्हंत्यात, दिल्लीलाच लिवलंय, त्यो मालकाच्या घरातला. घरातल्याला कुणापास्नं सोडवायचं?"

हुसेनला मान वर करवेना. नाव त्यानंच दिलं होतं. दिलं नसतं, तर तेरावा म्हणून पिराजीही सुटला असता.

"माझं चुकलं, वैनी."

"तुमी चांगल्यासाठीच केलंसा." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "आता आणि येक लिवा. खासदारास्नी म्हणावं, दिल्लीला येवढंच इचारा. त्यो त्यांच्या घरातला, तर मी कुणाची?"

हुसेननं नवा कागद चढवला. बस म्हटलं तरी धोंडुबाई बसली नाही. अर्ज पुरा होईस्तोवर डोक्यावरचा पदर धरून ती तशीच उन्हात उभी राहिली.