चार पंज्यांपुरती जागा

मी एक जुना बॅटन आहे, मित्रांनो. रिले शर्यतीत एक मुलगी धापा टाकत येते आणि पुढचीच्या हातात काहीतरी ठेवते ना, तो मी. शाळेतल्या मुली मला लाडानं नळी म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, कारण मी आहेच नळी. एका कारखान्यात लांबलचक अॅल्युमिनियमच्या पाइपाचे तुकडे पाडले, त्यातला एक मी. माझी सख्खी भावंडं पडद्यांचे दांडे झाली आणि जन्मभर खिडकीवर आडवी पडली. मी मात्र पळालो.

मी आतून पोकळ आहे, दोन्ही टोकांना उघडा. त्यामुळे मला इकडचंही दिसतं आणि तिकडचंही, आणि म्हणूनच बहुधा मला नसत्या चौकशा फार. कोणाचा तळवा घामेजलाय, कोणी नखं खाल्लीत, कोण आतून घाबरलंय, ते मला हातात जाताच कळतं. फक्त बोलता येत नाही. एरवी त्याचं काही वाटलं नाही, पण एकदा फार तळमळलो. तेच सांगतो.

त्या वर्षी आमच्या संघात नववीच्या चौघी होत्या. पहिली पळायची ती कप्तान, शाळेतली सगळ्यात वेगवान. दुसरी लांब टांगांची, म्हणून ढांगी. तिसरी हसरी. ती हरली तरी हसायची. आणि शेवटची चिमणी. ती नुकतीच या शाळेत आली होती. अंगानं काटकुळी, पण शेवटच्या पन्नास मीटरांत तिच्या पायांत काय संचारायचं कोण जाणे. मला घेताना ती मागं वळून पाहत नसे. हात मागं करायची आणि माझी वाट बघायची. असा विश्वास माझ्यावर फार थोड्यांनी टाकला आहे.

जिल्ह्याच्या अंतिम फेरीत आम्ही तिसऱ्या टप्प्यापर्यंत सगळ्यांच्या पुढं होतो. हसरीनं मला पुढं केलं, चिमणीनं मूठ मिटली, आणि मी खाली पडलो. टणकन आवाज झाला, माझ्या अंगाला पोचा पडला. चिमणीनं मला उचललं तेव्हा बाकीचे पाच संघ निघून गेले होते. तरीही ती शेवटपर्यंत पळाली.

परतीची बस सुटली. कप्ताननं फक्त एवढंच म्हटलं की काहींना हातातलं धरता येत नाही. खापर फुटलं ते चिमणीच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी तिनं संघाचे बूट स्वच्छ पुसून खेळाच्या बाईंच्या टेबलावर ठेवले. "बाई, माझ्याऐवजी दुसरी कोणी घ्या," असं म्हणाली आणि निघाली.

मी त्याच टेबलावर होतो. मला ओरडून सांगायचं होतं की अगं, तुझ्या मुठीत मी आलोच नव्हतो. पण का आलो नव्हतो, ते मलाही नीट उमगत नव्हतं. मी काही सटकलो नव्हतो. मग झालं काय?

बाईंनी तिला थांबवलं. बूट तसेच राहू दिले आणि चौघींना मैदानावर बोलावलं. कोणाची चूक हे ऐकायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी वर्गातून चार रंगांचे खडू आणले, कुटून भुकटी केली आणि प्रत्येकीच्या तळव्याला एकेक रंग चोळायला लावला. कप्तानला पांढरा, ढांगीला पिवळा, हसरीला निळा, चिमणीला गुलाबी. चिमणीनं नाइलाजानं हात पुढं केला. मग त्यांना शर्यतीइतक्याच वेगानं पळवलं. मी पुन्हा पडलो.

बाईंनी मला दोन बोटांनी उचलून बाकावर ठेवलं. "आता ही नळी काय सांगते ते वाचा."

चौघी माझ्यावर वाकल्या. इतकं निरखून मला कधीच कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या बरोबर मधोमध पांढरा पंजा होता. त्याच्या वर पिवळा. अगदी टोकाला जेमतेम दोन बोटं निळी. गुलाबी रंग मात्र कुठंच नव्हता, फक्त कडेच्या पोच्यात एक ठिपका. आणि माझा खालचा भाग? तो कोरा करकरीत होता.

माझी लांबी चार पंज्यांची, मित्रांनो. पहिलीनं मला अगदी बुडाशी धरलं, तरच शेवटचीला जागा उरते. कप्तान मला मध्यावर धरायची. तिला मी कोणाच्या हातून मिळत नसे, म्हणून तिच्या हाताकडं कधी कोणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यात वेगवान मुलीला कोण शिकवणार? सरावात वेग कमी असे, तेव्हा निभावून जायचं.

हसरी पहिल्यांदाच हसली नाही. कप्ताननं स्वतःच्या पांढऱ्या तळव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचे कान लाल झाले होते.

"तुला धरायला मी जागाच ठेवली नव्हती," ती चिमणीला म्हणाली. "आणि वर तुलाच बोलले."

चिमणी धावतच गेली. तिनं टेबलावरचे बूट आणून पायांत घातले. मला इतका आनंद झाला की वाऱ्यानं माझ्यातून शीळ वाजली. निदान मला तरी तसं वाटलं.

पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो असं तुम्हाला वाटत असेल. आम्ही दुसरे आलो. पहिल्या संघातल्या मुली खरोखरच जास्त वेगवान होत्या. पण मी चारही हातांतून नीट गेलो आणि चिमणीच्या मुठीत घट्ट बसलो. शर्यत संपल्यावर पाणी प्यायच्याही आधी चौघी मला मध्ये घेऊन बसल्या, कुठं वेळ गेला ते शोधायला. हरून इतक्या उत्साहानं भांडणाऱ्या मुली मी पाहिल्या नव्हत्या.

आता मी कपाटात असतो. नवे, रंगीत बॅटन आले आहेत. कधीतरी माझा उपयोग खिडकी उघडी ठेवायला होतो, म्हणजे शेवटी भावंडांच्या वाटेलाच लागलो म्हणायचं. परवा शिपाईकाका मला ठोकून सरळ करायला निघाले होते. बाईंनी त्यांना अडवलं.

तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. मला पुसा, हवं तर चमकवा, पण माझा पोचा काढू नका. त्यात अजून चिमटीभर गुलाबी खडू आहे.