शिवाचं चालणं

“नाय रे, डावो पाय असो नाय टाकायचो तो. जरा वडून टाकायचो,” काशीबाई म्हणाली.

मधूने काचेवरची वाळू बोटाने सारली. काचेखाली बल्ब जळत होता. वर लाकडी चौकटीला कॅमेरा खाली तोंड करून बांधला होता. वाळूचा माणूस केसभर पुढे काढायचा, एक चित्र घ्यायचं, तो पुसायचा, पुन्हा काढायचा. दिवसभर राबून पडद्यावर दोन-तीन पावलं. काचेवर काही उरत नसे. उरायचं ते फिल्मवर.

तो माणूस म्हणजे मधूचा बाप, शिवा. मधू रांगत होता तेव्हाच तोंडवलीच्या समुद्रात होडीसकट गेलेला. त्याचा एकही फोटो नव्हता. तो चालत होता फक्त मधूच्या आईच्या, काशीबाईच्या आठवणीत, आणि आता तिला कालचं जेवणही आठवेनासं झालं होतं. म्हणून मधू मुंबईतलं जाहिरातींच्या फिल्मचं काम सोडून गावी आला होता.

“रेती चिवडून बापूस गावतलो काय रे?” शेजारचा बाबली कुंपणावरून विचारायचा. “गावलो तर तेका विचार, माझी मासे धरूची पाग खंय ठेवल्यान ती!”

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस चित्र पुरं झालं. सगळी फिल्म एकदमच मुंबईला धुवायला पाठवायची होती. तोवर डबे काळी चिकटपट्टी लावून फडताळात ठेवले होते. पार्सलसाठी लाकडी खोका करून घ्यायला मधू मालवणला गेला.

खोका घेऊन तो बसमधून उतरला तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. अंगणात गोधड्या, सुके बांगडे, लोणच्याच्या बरण्या. आणि या माडापासून त्या माडापर्यंत, दोरीवर, फिल्म.

“डब्यांका कुबट वास येय होतो,” काशीबाई सांगू लागली. “सगळा कुसला असता. पट्टी न् पट्टी पदरान पुसलंय नि ऊन दाखवलंय. बघ, एक डाग नाय.”

डाग खरंच नव्हता. न धुतलेल्या फिल्मवर उजेड पडला की चित्र जातं, हे मधूने तिला कधी सांगितलंच नव्हतं.

चेष्टा करायला कुंपणाशी आलेला बाबली त्याचा चेहरा बघून थांबला. “काय झाला रे?”

“काय नाय.” मधूने खोका पायरीवर ठेवला. “बरा केलंस, आये.”

“मगे आता दिसतलो मा तो?” काशीबाईने विचारलं.

मधूने खोलीच्या खिडक्या लावल्या. बल्ब पेटवला, आईला काचेजवळ बसवलं. वाळू पसरून शिवाला उभं केलं. पाऊल काढलं, पुसलं, पुढचं काढलं. डावा पाय ओढून टाकला. वरच्या कॅमेऱ्याला त्याने हात लावला नाही.

“हां,” ती म्हणाली. “तसोच.”

शिवा काचेच्या कडेशी पोचला. पुसायला मधूने हात उचलला, तसं तिने त्याचं मनगट धरलं.

“पुसू नको. ऱ्हवांदे वायंच.”

बाहेर दोरीवर फिल्म वाऱ्याने फडफडत होती. मधूने हात मागे घेतला.