प्लॅटिनमची तार

प्रयोगशाळेतली मुलं त्याला पाठीमागे ‘सावधान सर’ म्हणायची. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं, फक्त तसं दाखवायची सोय नव्हती. नवा विद्यार्थी आला की आधी डोळ्यांवर चष्मा, मग हातमोजे, मग केस लांब असतील तर ते बांधणं. एवढं सगळं नटून झाल्यावर पोराला वाटायचं, आता काहीतरी करायला मिळेल. तर हा त्याला स्टुलावर बसवून भाषण द्यायचा. यंत्र बंद असतानाच तारा जोडायच्या. खऱ्या सेलला हात लावण्याआधी यंत्र डमी सेलवर, म्हणजे आत नुसते विजेला अडवणारे रोध भरलेल्या डबीवर, चालवून बघायचं. हायड्रोजन निघणार, तेव्हा वरची नळी हवा खेचणाऱ्या कपाटात सोडलेली आहे ना ते बघायचं, मगच बटण. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हे शेवटचं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, पण तो तेही सोडायचा नाही.

त्याची बायको त्याच प्रयोगशाळेत, पलीकडच्या खोलीत. ती भुकट्या बनवायची, हा त्या मोजायचा. घरी दोघांचं अरे-अगं, इथे मात्र सर आणि मॅडम. मुलं तोंड फिरवून हसायची, पण दोघांनी हा रिवाज कधी मोडला नाही. पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनमसारखा धातू नाही, पण तो परवडतो कुणाला? तेच काम निकेल आणि फॉस्फरसच्या काळ्या भुकटीकडून करून घ्यायचं, या एका ध्यासापायी तिने कित्येक वर्षं भट्टीसमोर काढली होती. तिची सासू त्या भुकटीला काजळी म्हणायची. संध्याकाळी सून घरात शिरली की विचारायची, “काय गं, काजळी काय म्हणतेय?” आणि बरीच वर्षं सुनेचं उत्तर एकच असे, “रुसलीय, आई.”

आता हे मोजतात कसं, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. काचेच्या भांड्यात पातळ ॲसिड आणि त्यात तीन इलेक्ट्रोड, हाच तो सेल. एकाच्या टोकावर भुकटीचा वाळवलेला थेंब. दुसरा नुसता संदर्भाला, व्होल्ट कशापासून मोजायचे ते सांगणारा. तिसरा प्रवाह पुरा करायला, जोडीचा. हा जोडीचा गडी गरीब दिसतो, पण त्याच्यावर नजर ठेवावी लागते. तिथे प्लॅटिनमची तार लावली तर ती ॲसिडमध्ये कणाकणाने विरघळते आणि ते कण जाऊन बसतात नेमके समोरच्या भुकटीवर. मग काम करतं प्लॅटिनम आणि शाबासकी मिळते भुकटीला. म्हणून अशा कामात तिथे ग्राफाइटची कांडी लावायची. सावधान सरांच्या भाषणात हे दरवेळी असायचं, आणि तेही दोनदा.

कांडी दिसायला मात्र अगदीच दरिद्री. पेन्सिलीच्या आतलं शिसं जाडजूड करून ठेवावं तशी. एकदा वरून कुणी बडे पाहुणे यायचे होते, बरोबर फोटो काढणारे. त्याने मांडणी लख्ख पुसली, नळ्या सरळ केल्या, आणि मग ती कांडी त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. कपाटात प्लॅटिनमची सुबक वेटोळी तार होती. त्याने ती लावली. फोटो सुरेख आले. पाहुणे गेल्यावर तार काढायची होती, पण त्याच दुपारी मोजमापं सुरू झाली आणि ती राहिली. इथपर्यंत कुणाच्याही हातून होईल अशी चूक होती.

दुसऱ्या दिवशी ती नवी भुकटी घेऊन आली, काचेतून आत डोकावली आणि म्हणाली, “सर, इथे कांडी असते ना? ही तार कशी?”

खोलीत नवी मुलं होती. कालच त्याने त्यांना ते भाषण दिलं होतं. फोटोत बरं दिसावं म्हणून लावली, असं त्यांच्यासमोर कसं म्हणायचं? त्याची जीभ रेटेना. म्हणून तो दुसरंच बोलला.

“मॅडम, तुम्ही भुकटीचं बघा. मोजमापाचं आम्ही बघतो.”

मुलं हसली. तिचा चेहरा एवढासा झाला. बाटली टेबलावर ठेवून ती निघून गेली आणि त्यानंतर तिने मांडणीबद्दल कधी काही विचारलं नाही. आता तार काढावी तर मुलांदेखत काढावी लागणार, म्हणजे तिचं बरोबर होतं हे कबूल करणं आलं. तेव्हा तार राहिली.

आणि भुकटी सुधारायला लागली. रोज चालवावी तशी आणखी चांगली. मॅडम म्हणाल्या, ही मुरतेय. मुलांनी पेढा-बिढा नाही, पण चहाची चंगळ केली. त्याला शंका आली नाही असं नाही. आली, आणि त्याने तिला दारातूनच परत पाठवलं. बायको इतक्या वर्षांनी गाणं गुणगुणत घरी येत होती, आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना काजळीचं कौतुक सांगत होती, आणि त्याच्याकडेही लोक जरा वेगळ्या नजरेने बघत होते. अशा वेळी शंकेला घरात कोण घेतं?

बघता बघता बातमी फुटली. मोठ्या परिषदेत पहिलं भाषण तिचं ठरलं. ते नीट पार पडलं की तिचा स्वतःचा वेगळा गट, स्वतःची खोली, असं तोंडी वचन वरिष्ठांनी जवळजवळ देऊनच टाकलं होतं. भाषणात छोटा सेल चालवून दाखवायचा, लोकांना बुडबुडे डोळ्यांनी दिसू द्यायचे, ही कल्पनाही तिचीच.

परिषदेच्या आदल्या दिवशी तो सेल जुळवायला बसला. प्लॅटिनमची तार बाहेर न्यायला परवानगी लागते, म्हणून त्याने सहज ग्राफाइटची कांडी उचलली. भुकटीचा नवा थेंब लावला, वाळवला, बटण दाबलं. काही नाही. व्होल्ट वाढवले. एखाददुसरा बुडबुडा कंटाळल्यासारखा वर आला.

मग त्याने मुलांना शिकवतो तसं एकेक तपासायला घेतलं. यंत्र बंद केलं, तारा सोडवल्या, डमी सेल लावला. आकडे चोख आले. यंत्राचा दोष असता तर किती बरं झालं असतं. संदर्भाच्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला असेल म्हणून तो उजेडात धरून पाहिला. स्वच्छ होता. चिमटे गंजले असतील, तर तेही कालच घासलेले. ॲसिड शिळं असेल म्हणून ताजं केलं. प्रत्येक गोष्ट बरोबर निघत होती. आयुष्यात पहिल्यांदा तो काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून तपासत होता.

शेवटी त्याने तीच भुकटी, तोच थेंब ठेवून कांडीच्या जागी तार लावली आणि वाट बघत बसला. दुपार कलली तशी भुकटी मुरायला लागली. बुडबुड्यांची रांग लागली. त्याने यंत्र बंद केलं आणि खुर्चीत बसून राहिला. कानशिलं तापली होती. खोलीत कुणी नव्हतं, तरी तोंड लपवावंसं वाटत होतं.

घरी आला तेव्हा ती कपाटाच्या आरशासमोर भाषणाची तालीम करत होती. पलंगावर बसून मुलगी ऐकत होती आणि मध्येच “आई, हळू बोल” म्हणत होती. त्याची आई दारात खुर्ची टाकून बसली होती. “ये रे,” ती म्हणाली, “बायकोचं भाषण ऐक. मला कळत काही नाही, पण बोलते छान.”

तो ऐकत उभा राहिला. भाषणात एक वाक्य होतं, ‘मोजमापाच्या अचूकतेचं सगळं श्रेय आमच्या सरांचं.’ ते ऐकून तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

“आई, तू आणि छोटी जरा बाहेर बसता का?”

म्हातारीने एकदा मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि नातीला घेऊन गेली. त्याने दार लोटलं आणि सांगितलं. फोटोपासून सांगितलं, काही गाळलं नाही. सांगताना तिच्याकडे बघणं काही जमलं नाही, पायाखालच्या फरशीकडे बघत बोलत राहिला.

ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, “म्हणजे मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि भुकटी सुधारायला लागली तेव्हा?”

“तेव्हा बघायचं टाळलं.”

“तू मला त्या पोरांसमोर गप्प केलंस. मला वाटलं, खरंच मला त्यातलं कळत नाही. मी घरी येऊन पुस्तक काढून वाचलं, माहितीये? त्यात माझंच बरोबर होतं. तरी म्हटलं, सरांनी विचार केलेला असणार.”

तो माफ कर म्हणाला. ते शब्द त्या खोलीत इतके तोकडे वाटले की पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि एकेक आलेख काढून टाकायला लागली. तो मदतीला पुढे झाला तर म्हणाली, “आज नको.”

सकाळी सभागृह भरलेलं होतं. तो तिसऱ्या रांगेत कडेला बसला. ती व्यासपीठावर गेली, पाणी प्याली आणि सरळ सुरुवात केली, “जे सांगायला मला बोलावलंय, ते खरं नाही असं काल कळलं. कसं कळलं ते दाखवते.” तिने चष्मा चढवला, हातमोजे घातले, कांडी लावली, सेल चालवून दाखवला. मोठ्या पडद्यावर भांडं दिसत होतं आणि भांड्यात बुडबुडा नव्हता. मग तार विरघळून कशी फसवते ते तिने इतकं सोपं करून सांगितलं की त्यालाही इतक्या वर्षांत तसं सांगता आलं नव्हतं. ‘आमची चूक’ म्हणाली, प्रत्येक वेळी ‘आमची’. त्याच्याकडे एकदाही बोट केलं नाही.

प्रश्नांच्या वेळी पांढऱ्या केसांच्या एक बाई उठल्या. त्यांच्या तोंडाला लगाम नाही अशी त्यांची ख्याती होती. “इतकी बाळबोध गोष्ट,” त्या म्हणाल्या, “तुमच्या डोक्यात आलीच नाही? मग इतकी वर्षं काय करत होतात?”

ती म्हणाली, “लक्षात यायला हवी होती.” आणि खाली बघितलं.

तेव्हा तो उठला. उठायचं असं ठरवलं नव्हतं, पण बसवेना. “तिच्या लक्षात आली होती,” तो म्हणाला. “तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं. मांडणी फोटोत चांगली दिसावी म्हणून मी तार लावली होती, आणि विद्यार्थ्यांसमोर फजिती नको म्हणून तिलाच गप्प केलं. मोजमाप माझं होतं. चूक माझी एकट्याची आहे.”

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कुणी. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं आणि पांढऱ्या केसांच्या बाईही वाजवायला लागल्या.

चहाच्या सुट्टीत लोकांनी त्याला घेरलं. एकाने पाठ थोपटली. कुणी म्हणालं, असं भर सभेत कबूल करायला छाती लागते. अध्यक्षांनी हात हातात घेतला तो सोडेचनात, पुढच्या वर्षी प्रामाणिकपणावर, मोजमापातल्या चुकांवर, तुम्हीच बोला म्हणाले. त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, रात्रभर छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं, आणि तो चक्क हसला. ‘नाही हो, माझं कर्तव्यच होतं’ असंही काहीतरी म्हणाला.

म्हणता म्हणता माणसांच्या खांद्यांवरून त्याला व्यासपीठ दिसलं. ती एकटीच होती. चष्मा लावून, वाकून, सेलमधलं ॲसिड टाकाऊ बाटलीत ओतत होती. थेंबही सांडू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने नरसाळं धरलं होतं. तिच्याकडे कुणी गेलं नव्हतं. तिची वर्षं गेली, खोली गेली, भर सभेत बोलणी तिने खाल्ली, आणि शाबासक्या घेत तो इथे उभा होता. ओठांवरचं हसू त्याला आवरता येईना आणि ठेवताही येईना. कालची लाज यापुढे काहीच नव्हती.

तो गर्दीतून वाट काढत वर गेला. “थांब, मी करतो,” तो म्हणाला आणि नरसाळ्याला हात लावायला गेला.

“हातमोजे नाहीत तुझ्या हातात,” ती म्हणाली. तिने बाटलीचं झाकण घट्ट बसवलं, वर पाहिलं. आवाजात राग नव्हता, नुसती दमलेली होती. “आणि तू जा. लोक तुझ्यासाठी थांबलेत.”

त्याने मागे वळून पाहिलं. खरंच थांबले होते.